ट्रॅक्टरची नोट, जाडजूड पुस्तक आणि मोबाइल



हातातलं काम चालू राहू द्या. शेंगा फोडत असाल तर फोडत राहा, फक्त कान इकडे असू द्या. आज आपण नोटांवर बोलणार आहोत. बाजारात चालतात त्या नोटांवर नव्हे, तर ट्रंकेच्या तळाशी, पोथीच्या पानात, देवघरातल्या डबीत पडून असलेल्या जुन्या नोटांवर. त्या ओळखायच्या कशा, त्यांची किंमत बघायची कुठे, छापील पुस्तकात की मोबाइलवर, असा आजचा विषय आहे. तुम्ही म्हणाल, हा तर शहरातल्या शौकीन लोकांचा विषय. आम्हालाही तसंच वाटायचं. पण तो आमच्या गटाच्या बैठकीत आला, आणि आला तो थकलेल्या हप्त्याच्या पाठोपाठ.

आमच्या गटातल्या एका काकूंनी दिवाळीच्या आधी घर झाडायला काढलं. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झालेली. त्यांची पत्र्याची ट्रंक तशीच होती, ती उघडली. दोन लुगडी, एक पितळी करंडा आणि कापडाचा बटवा निघाला. बटव्यात पाचाच्या, मागे ट्रॅक्टर असलेल्या चार नोटा, एकच्या दोन, गांधीजी बसलेले दिसतात अशी दहाची एक, आणि चार घड्या घातलेली, उर्दूत लिहिलेली एक नोट. शिवाय एका वेगळ्या पुडीत पाचशेच्या बंद झालेल्या तीन नोटा. सासूबाई २०१६ साली हयात होत्या. त्यांनी त्या कोणालाच सांगितल्या नव्हत्या, बिचाऱ्या.

काकूंचा धाकटा मुलगा कॉलेजात जातो. त्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता, ट्रॅक्टरची पाचची नोट असेल तर लाखो रुपये मिळवा. खाली नंबर. त्याने नंबर लावला. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलला. नोटेचा फोटो मागवला, पसंत आहे म्हणाला, रिझर्व्ह बँकेचं नाव छापलेलं एक पत्रही पाठवलं. नोंदणीचे १,२५० रुपये भरा म्हणाला, ते भरले. मग जीएसटीचे ६,८०० भरा, ते भरले. मग आणखी १४,००० मागितले, तेव्हा पोरगं आईकडे आलं. हे ८,०५० रुपये काकूंनी बियाण्यासाठी गटातून उचललेल्या कर्जातले होते. घरात डब्यात ठेवले होते, तिथून गेले.

काकू बैठकीत रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बायांनो, हप्ता या महिन्याला होत नाही, काय करायचं ते करा." कारण विचारलं तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. आणि मग आमच्यातली एक मान खाली घालून म्हणाली, तो व्हिडिओ आपल्याच गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता. होता ना. आम्हीच पुढे ढकलला होता. कोणी पाठवला, किती जणींनी पाहिला, सगळं तिथे दिसत होतं. त्यामुळे पोराला बोलायचा हक्क आम्हाला फारसा राहिला नव्हता.

ठराव लिहिला, हप्ता पुढे ढकलला. सायबरच्या १९३० या नंबरवर तक्रार केली. तोवर अकरा दिवस होऊन गेले होते, पैसे त्या खात्यातून केव्हाच निघून गेले होते. हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा, आणि असं काही झालं तर त्याच तासाला लावा. उशीर झाला की हाती फक्त तक्रारीचा क्रमांक राहतो.

आणि एक गोष्ट आम्हाला नंतर कळली, ती आधी कळायला हवी होती. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर पत्रक काढून सांगितलेलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँक पडत नाही, त्यासाठी कसलंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही, आणि आपल्या नावाने ते घ्यायचा अधिकार तिने कोणालाही दिलेला नाही. म्हणजे त्या पत्रावरचं नाव बघूनच ओळखायला हवं होतं.

पण प्रश्न उरलाच. बटव्यातल्या नोटा खरोखर काय आहेत? काकूंना ते हवं होतं. पैशासाठी हवं होतंच, पण सासूबाईंनी एवढं जपून काय ठेवलं होतं, हेही त्यांना कळायला हवं होतं.

तालुक्याच्या गावी एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांना नोटा जमवायचा नाद आहे. आम्ही पाच जणी, काकू, त्यांची सून आणि तो पोरगा असे त्यांच्याकडे गेलो. गुरुजींनी आधी आमच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि मग कपाटातून एक पुस्तक काढलं. मैत्रिणींनो, जात्याची तळी म्हणावी असं वजन! रेझवान रझाक आणि किशोर झुनझुनवाला या दोघांनी केलेलं, भारताच्या कागदी चलनाचं, २०१२ साली निघालेलं. इंग्रजीत आहे, चित्रं रंगीत आहेत. झुनझुनवालांनी त्याची पहिली आवृत्ती २००० साली काढली होती. रझाक यांनी तर बंगळुरूला कागदी नोटांचं संग्रहालयच उभं केलं आहे.

अशा पुस्तकाला संग्राहक लोक कॅटलॉग म्हणतात. बियाण्याच्या दुकानात वाणांची पुस्तिका असते ना, कुठला वाण, कुठल्या साली आला, ओळखायचा कसा, तसंच. प्रत्येक नोटेला एक क्रमांक दिलेला असतो. सही कोणाची, नंबराच्या बाजूला कुठलं अक्षर आहे, मागे चित्र कसलं, यावरून एकाच नोटेचे कितीतरी पोटभाग पाडलेले असतात. जगभरच्या नोटांचा असा कॅटलॉग जर्मनीच्या अल्बर्ट पिक यांच्या कामावरून १९७० च्या दशकात अमेरिकेत निघाला. आजही कुठल्याही देशातला संग्राहक नोटेचा 'पिक नंबर' सांगतो आणि दुसऱ्या टोकाच्या माणसाला अचूक कळतं की कुठली नोट. आपल्याकडे सात-बाऱ्याचा गट नंबर सांगितला की तलाठ्याला जमीन कळते, त्यातलाच हा प्रकार.

गुरुजींनी पहिल्यांदा ट्रॅक्टरच्या नोटा घेतल्या. पुस्तकात बघायच्या आधीच हसले. ट्रॅक्टरची पाचची नोट दोन प्रकारची आहे, पुढे अशोकस्तंभ असलेली आधीची आणि गांधीजींची नंतरची. दोन्ही अफाट संख्येने छापलेल्या. पाने उलटून त्यांनी दाखवलं, गव्हर्नरांच्या सह्यांप्रमाणे ओळींवर ओळी होत्या, पण लाख तर सोडाच, वापरलेल्या नोटेला फारसं काही नव्हतंच. शिवाय ती नोट अजून चलनात आहे. पाचाला पाच. दुकानदार नाक मुरडेल, पण कायद्याने ती चालते. एकची, दोनचीही चालते.

पोरगं म्हणालं, "पण सर, नंबरात ७८६ असलं तर?" गुरुजी म्हणाले, कॅटलॉगात ७८६ ला वेगळा क्रमांक नाही. तो आकडा कोणाला श्रद्धेने हवासा वाटतो, कोणी हौसेने चार पैसे जास्त देतो, पण तो त्या दोघांमधला व्यवहार. नोट वेगळी होत नाही.

दहाच्या नोटेवर मात्र गुरुजी थांबले. ती गांधीजींच्या जन्मशताब्दीची, १९६९ ची. गांधीजी बसलेले आहेत आणि त्यांच्या मागे आपल्या वर्ध्याजवळचा सेवाग्राम आश्रम आहे. काकूंना हे माहीत नव्हतं, आम्हालाही नव्हतं. इतकी वर्षं महाराष्ट्रातली एक झोपडी नोटेवर होती आणि आपण मागची रक्कमच वाचत राहिलो. आता या नोटेत गंमत अशी की ती दोन गव्हर्नरांच्या सहीने निघाली. एक एल. के. झा आणि दुसरे बी. एन. आडारकर. आडारकर १९७० च्या मे-जूनमध्ये जेमतेम सहा आठवडे गव्हर्नर होते. त्यामुळे त्यांच्या सहीची नोट वेगळी नोंदवतात आणि तिला भावही जास्त. गुरुजींनी पुस्तकातल्या सह्यांच्या पानावर बोट ठेवलं, भिंग काकूंच्या हातात दिलं आणि म्हणाले, तुम्हीच बघा. आम्ही सगळ्या टेबलावर वाकलो. काकूंनी दोनदा बघितलं. सही झांची निघाली. "असू द्या," काकू म्हणाल्या, "आश्रम तर आपलाच हाय."

सह्यांचं ते पान आम्हाला फार आवडलं. त्यात सी. डी. देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आपल्या रायगडातल्या महाडजवळचे. पुढे अर्थमंत्री झाले आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली राजीनामा दिला, ते हेच. इंग्लंडच्या राजाचं चित्र असलेल्या नोटांवर या मराठी माणसाची सही आहे. असं पान मोबाइलवर शोधून सापडेलही, पण आपण ते शोधायला जाणार नाही, कारण ते आहे हेच आपल्याला माहीत नसतं. पुस्तकात दुसरंच काही बघताना ते समोर येतं.

आणि उर्दूची नोट? तिची गोष्ट आधी घरापासून सांगायला हवी. काकूंच्या सुनेने तिचा मोबाइलवर फोटो काढून शोध घेतला होता. मोबाइलने परक्या देशांच्या नोटा दाखवल्या. घरात थोडी घबराट झाली. परदेशी पैसा घरात आहे, पोलीस येतील का, वगैरे. तेव्हा शेजारच्या आजी, वय नव्वदीच्या पुढे, भिंतीला धरत आल्या, नोट डोळ्याजवळ नेली आणि म्हणाल्या, "अगं, ही तर हाली. निजामाची. कलदार येगळा, हाली येगळी." झालं! मोबाइलच्याही आधी आणि पुस्तकाच्याही आधी आजींनी ओळखली.

आपल्या मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना हे दोन शब्द ठाऊक आहेत. कलदार म्हणजे इंग्रजांचा रुपया, हाली म्हणजे हैदराबाद संस्थानाचा. सात हालीचे सहा कलदार, असा साधारण हिशोब चालायचा. हैदराबाद संस्थानाने १९१८ च्या कायद्यानंतर स्वतःच्या कागदी नोटाही काढल्या. गुरुजींच्या पुस्तकात त्यांचं वेगळं प्रकरण आहे. तिथे भिंगाने बघितलं तर आमच्या नोटेवर उर्दूच्या जोडीने तेलुगू, कानडी आणि मराठीतही रक्कम लिहिलेली! घडीच्या रेषेवर आल्यामुळे ती आम्हाला कोणालाच दिसली नव्हती. मोबाइलच्या फोटोलाही दिसली नव्हती. साल फसली सनातलं. जमिनीचे जुने कागद ज्यांनी हाताळलेत त्यांना फसली सन माहीत असेल. मोबाइलने ते आकडे भलत्याच सनाचे समजून घेतले होते. जगाच्या त्या मोठ्या कॅटलॉगमध्येही हैदराबादच्या नोटा मुख्य खंडात नाहीत, वेगळ्या खंडात आहेत. ज्याला हे माहीत नाही तो मुख्य खंड चाळून म्हणेल, अशी नोटच नाही. गोव्याच्या बायकांना असाच अनुभव येऊ शकेल, त्यांच्याकडे पोर्तुगीजांच्या बँकेच्या नोटा निघतात, आधी 'रुपिया'च्या आणि १९५९ नंतर एस्कुदोच्या.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, पुस्तकच खरं आणि मोबाइल खोटा. आम्हालाही त्या दिवशी दुपारपर्यंत तसंच वाटत होतं. राग होताच मोबाइलवर. पण मग सुनेने पर्समधून एक रुपयाची कोरी नोट काढली. लग्नात आहेराच्या पाकिटात आलेली, २०१७ सालची. गुरुजींनी पुस्तक उघडलं, तर ती नव्हती. कशी असेल? एकची नोट छापणं १९९४ साली थांबलं आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झालं. पुस्तक २०१२ चं. आमच्यातली एक लगेच म्हणाली, "पुस्तकात नाही म्हणजे नकली!" बघा, तासाभरात आम्ही पुस्तकालाही देव करून टाकलं होतं.

तेव्हा गुरुजींनी स्वतःचा मोबाइल काढला. संग्राहकांनी मिळून चालवलेला नुमिस्टा नावाचा एक कॅटलॉग इंटरनेटवर आहे, बघायला पैसे लागत नाहीत. आधी नाण्यांचा होता, आता नोटाही आहेत. तिथे एकच्या नव्या नोटा सालवार, सहीवार होत्या. त्यातली २०१७ ची शक्तिकांत दास यांच्या सहीची. एकची नोट रिझर्व्ह बँक नाही, भारत सरकार काढतं, म्हणून तिच्यावर अर्थ खात्याच्या सचिवाची सही असते. दास तेव्हा सचिव होते, पुढे २०१८ च्या शेवटी गव्हर्नर झाले, तेव्हा मोठ्या नोटांवरही त्यांचीच सही आली. सुनेची नोट खरी, साधी आणि एक रुपयाचीच.

मोबाइलवरच्या कॅटलॉगची आणखी एक सोय आम्हाला पटली. चित्र बोटांनी मोठं करता येतं. भिंग लागत नाही. आमच्यातल्या दोघींना इंग्रजी वाचता येत नाही, पण चित्राशी चित्र ताडून बघणं त्यांना पटापट जमलं, साडीचा काठ जुळवावा तसं. रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतल्या फोर्ट भागातल्या चलन संग्रहालयाची माहितीही बँकेच्या संकेतस्थळावर आहे, ती कोणालाही बघता येते. तिथेच वाचलं, १९५३ मध्ये नव्या नोटांवर हिंदी ठळक आली, तेव्हा 'दो रुपया' लिहायचं की 'दो रुपये', यावर बराच वाद झाला आणि 'रुपये' ठरलं. कॅटलॉगात या आधीच्या आणि नंतरच्या नोटा वेगळ्या धरतात. एका मात्रेचा हा फरक पुस्तकातल्या लहान चित्रात दिसणं कठीण, मोबाइलवर लख्ख दिसतो.

उणीव दोघांतही आहे, पण वेगवेगळ्या जातीची. पुस्तकात छापलेली चूक कायम राहते. मात्र तीच चूक सगळ्यांच्या पुस्तकात असते, त्यामुळे माहीतगार ती ओळखून असतात. मोबाइलवरची चूक उद्या दुरुस्त होईल, किंवा उद्या नवी होईल. पुस्तकाच्या पानावर मध्येच कोणी 'मला फोन करा, लाख रुपये देतो' असं चिकटवू शकत नाही. मोबाइलवर नोटेचा शोध घेतला की पहिल्यांदा तेच वर येतं. आपल्या पोराने कॅटलॉग बघितलाच नव्हता, त्याने जाहिरात बघितली होती. स्क्रीन एकच असल्यामुळे दोन्ही सारखंच दिसतं, घोळ इथे झाला.

आता किमतीचं. यावर आम्ही गुरुजींना सगळ्यात जास्त छळलं. पुस्तकात प्रत्येक नोटेपुढे दोन-तीन भाव असतात, नोटेच्या प्रतीप्रमाणे. कोरी, घडी न पडलेली असेल तर वरचा भाव. हाताळलेली, मऊ पडलेली असेल तर फार खालचा. टाचणीचं किंवा स्टेपलरचं भोक असेल तर आणखी कमी. आपल्या जुन्या नोटांना भोकं असतातच, कारण बँका पुडक्यांना पिना मारायच्या. रिझर्व्ह बँकेने २००१ साली ते बंद करायला सांगितलं. काकूंच्या हालीला चार घड्या, एक भोक आणि कोपरा फाटलेला. म्हणजे शेवटचा रकाना. पण तो भावही २०१२ चा. मग मोबाइलवर काय बघायचं? विकायला ठेवलेल्या नोटेपुढे जो आकडा असतो तो मागितलेला भाव. मागायला काय जातं? आठवडी बाजारात कोंबडीवाला पाचशे मागतो, म्हणून कोंबडी पाचशेला गेली असं आपण म्हणतो का? बघायचा तो लिलावात खरोखर मिळालेला भाव. मोठ्या लिलाव कंपन्या जुन्या लिलावांचे निकाल चित्रांसह इंटरनेटवर ठेवतात. आपल्या नोटेसारखीच, तितकीच घडी पडलेली नोट कितीला गेली, ते तिथे कळतं. पण तिथे शोधायचं तर नोटेचा कॅटलॉग क्रमांक माहीत हवा. तो पुस्तकातूनच मिळाला. पुस्तकातून नाव-गाव, मोबाइलवरून आजचा भाव, असं त्या दिवशी आमचं काम झालं.

हालीची किंमत किती निघाली, हे आम्ही रेडिओवर सांगणार नाही. काकूंच्या दाराला कुलूप एकच आहे. लाखात नाही, एवढं सांगतो.

गटाच्या नोंदींचं आमचं हेच भांडण दोन वर्षं चाललंय. अ‍ॅपवर नोंद झाली तर वही कशाला, असं तरुण मुली म्हणतात. जुन्या म्हणतात, वहीवर माझा अंगठा आहे, अ‍ॅपवर कुठे आहे? गुरुजींकडून परत येताना जीपमध्ये हा वाद पुन्हा निघाला, पण या वेळी आवाज जरा खाली होता.

त्या पाचशेच्या तीन बंद नोटांचं सांगायचं राहिलं. बऱ्याच घरांत अशा निघतात आणि बायका घाबरतात. २०१७ च्या कायद्याप्रमाणे बंद झालेल्या पाचशे-हजारच्या मिळून दहापर्यंत नोटा जवळ ठेवायला हरकत नाही. अभ्यासासाठी किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंत चालतात. त्याहून जास्त असतील तर दंड होऊ शकतो. बदलून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याच्या वाटेला जाऊ नका, त्यांची मुदत संपलेली आहे. काकूंनी त्या तीन नोटा सासूबाईंच्या फोटोच्या मागे लावून टाकल्या.

पोरगं महिनाभर कोणाशी बोलत नव्हतं. गुरुजींनी त्याला काम लावलं. एक साधी रेघांची वही दिली आणि सांगितलं, घरातल्या प्रत्येक नोटेची नोंद कर. रक्कम, नंबर, सही, मागचं चित्र, घड्या किती, भोकं किती, आणि शेवटी पुस्तकातला क्रमांक. मग आमच्या बाकीच्या घरांतल्या नोटाही त्याच्याकडे यायला लागल्या. आत्तापर्यंत आठ घरं झाली. ट्रॅक्टर तर ढिगाने निघाले! दोनच्या वाघाच्या निघाल्या, आर्यभट्ट उपग्रहाच्या निघाल्या. आणि एका घरात अजून एक हाली, हिचा मराठीचा भाग अगदी स्वच्छ. काकूंचा हप्ता माघ महिन्यापासून पुन्हा सुरू झालाय. हाली विकायची की नाही हे त्यांचं अजून ठरलेलं नाही. सून म्हणते विका, मुलगा म्हणतो ठेवा.

गुरुजी पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, दुपारी दोन वाजता, आपल्या समाजमंदिरात पुस्तक घेऊन यायचे आहेत. ज्यांच्याकडे जुन्या नोटा असतील त्यांनी आणाव्यात. वहीच्या पानांत सपाट ठेवून आणा. पिन मारू नका, चिकटपट्टी लावू नका, इस्त्री फिरवू नका, धुऊ तर मुळीच नका. मागे एकीने धुतली होती. लॅमिनेशनही करू नका. नोटा आपल्याच हातात ठेवा, कोणाकडे सोपवायच्या नाहीत, गुरुजींकडेही नाही. मोबाइल चार्ज करून आणा, समाजमंदिरात लाइटचा भरवसा नसतो. आणि उर्दू अक्षरांची नोट असेल तर निघण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला एकदा दाखवा.